ग्राफिक्स कार्डाची प्रत्यक्ष पडताळणी

सकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळी कोणी कोणाला धक्का देऊ नये, असा कायदा व्हायला हवा. पहिला चहा झोप उडवण्यासाठी असतो. त्या वेळी धक्का बसला तरी माणसाला कळत नाही. दुसरा चहा मात्र चवीने प्यायचा असतो. तपासनीस सुट्टीच्या दिवशी नेमके तेच करत बसले होते, आणि लेकीचा फोन आला.

"बाबा, आमचं ऑफिस हलतंय. आणखी लांब जातंय. तिकडे येणार का घरून काम करणार, असं सगळ्यांना विचारलंय. उद्या सकाळी सांगायचंय."

"मग?"

"मग... आपल्या घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे, तेवढं बघून सांगाल का? बरं असेल तर घरीच यावं म्हणते. म्हणजे, बघू. आधी कार्ड कळू दे."

तपासनीसांच्या हातातला कप बशीवर असा आदळला, की चहा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून थेट क्रीडापानापर्यंत गेला. लेक घरी येणार! शिक्षणासाठी म्हणून ती घराबाहेर पडली ती पडलीच. मग नोकरी लागली. अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींची, बांधून झाल्यासारखी चित्रं कॉम्प्युटरवर काढायची, अशी ती नोकरी. सुट्टीला येई तीही परतीचं तिकीट खिशात घेऊनच. "राहा गं थोडी" असं तपासनीस तिला कधीच म्हणाले नव्हते. मुलांच्या नोकरीच्या आड बापाने येऊ नये, असा त्यांचा बाणा होता. ती निघाली की ते तिच्या बॅगेची चेन नीट लागलीय का ते तपासत, पुन्हा एकदा तपासत, आणि "चेन ठीक आहे" एवढंच बोलत.

"कार्ड ना? उत्तम आहे," ते आता म्हणाले. "मागच्या वर्षी आतलं सगळं नवीन टाकून घेतलं मी. स्वतः दुकानात उभा राहून."

"हो, पण कुठलं? नाव काय?"

नाव! तपासनीसांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. ते दुकानात उभे होते हे खरं, पण दुकानाच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून. "पाहून सांगतो," ते म्हणाले.

"सोपं आहे बाबा. स्क्रीनवर उजवं बटण दाबा, मी सांगते तसं—"

"मला शिकवू नकोस. माझा जन्म तपासण्यात गेलाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आणि तो खरोखरच तपासण्यात गेला होता. निरनिराळ्या कचेऱ्यांत जायचं आणि तिथला माल कागदाप्रमाणे जागेवर आहे की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. कागदावर लिहिलंय म्हणून वस्तू असतेच असं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? एका कचेरीत त्यांनी असं लोखंडी कपाट पकडलं होतं, जे कागदावर धडधाकट होतं आणि जागेवर नव्हतं. कर्मचारी मात्र सवयीने त्या मोकळ्या जागेला वळसा घालून जात होते. तेव्हापासून तपासनीसांनी कोणाच्याही सांगण्यावर सही केली नव्हती. घरी धोब्याने इस्त्रीचे कपडे आणले तरी ते प्रत्येक सदऱ्याची बटणं मोजून घेत.

बायकोने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती तोपर्यंत लेकीच्या खोलीत शिरलीसुद्धा होती, आणि तिथे वर्षानुवर्षं साचलेल्या तपासनीसांच्या जुन्या फायली बाहेर फेकल्याचे आवाज येऊ लागले होते.

"अगं, अजून काही ठरलेलं नाही!" तपासनीस ओरडले.

"तुम्ही कार्ड बघा," आतून उत्तर आलं.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर वर्तमानपत्र न्यायला आले ते याच वेळी. हे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून घरी बसले होते, पण हात अजून शिवशिवत होते. जिन्यात डॉक्टर दिसले की इमारतीतली माणसं ओठ घट्ट मिटून जात, कारण हसणाऱ्या माणसाच्या दाढा तपासल्याशिवाय डॉक्टर त्याला पुढे जाऊ देत नसत. चहा प्यायलेलं वर्तमानपत्र पाहून त्यांना धक्का बसला, आणि कारण ऐकल्यावर ते खुर्ची ओढून बसले.

"अहो, त्यात काय! यादी असते आत. माझ्या जावयाने दाखवली होती," असं म्हणत त्यांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आणि पडद्यावर ग्राफिक्स या शब्दाखाली एक लांबलचक नाव, पुढे आकडे, असं सगळं आलं.

"झालं की!" बायको दारातून म्हणाली. तिच्या खांद्यावर गादीची खोळ होती. "कळवून टाका तिला."

खरं सांगायचं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. दुसऱ्या कोणत्याही घरात ती संपलीही असती. पण तपासनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "हे कोण म्हणतंय?"

"कॉम्प्युटर."

"म्हणजे ज्याची तपासणी करायची, त्याचंच म्हणणं खरं धरायचं? गोदामवाला म्हणतो माल आहे, आणि मी बाहेरच्या बाहेर सही करून चहा पिऊन येतो, असं झालं हे. माझ्या लेकीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. कार्ड मी डोळ्यांनी पाहणार आणि हाताने चाचपणार. मगच कळवणार."

बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टरांचे डोळे मात्र चमकले. "उघडायचा म्हणता?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता, ते हत्यारं आणायला वर पळाले. त्यांना इतक्या वेगाने जिना चढताना इमारतीने आजवर पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली गेली. तिच्यावर कॉम्प्युटर आडवा निजवला गेला. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, हातमोजे चढवले, आणि पेटीच्या कडेला दुकानदाराने चिकटवलेलं 'हे फाडू नये' असं सांगणारं लेबल चिमट्याने अलगद फाडलं. झाकण निघालं. आतून धुळीचा असा लोट उठला की तिघेही शिंकत सुटले, आणि तपासनीस अवाक् झाले. मागच्या वर्षी नवीन टाकलेल्या वस्तूंवर एवढी धूळ! माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. तपासनीस शिस्तीचे. त्यांनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधली: 'पंखा, लहान, केसाळ', 'पट्टी, हिरवी, काम अज्ञात', 'पेटी, लोखंडी, जड, आत शिरता येत नाही'. वायरींना मात्र त्यांनी एकच चिठ्ठी बांधली, कारण कुठली कुठे संपते यावर दोघांचं एकमत होईना. पण ग्राफिक्स कार्ड काही दिसेना.

"त्या मोठ्या पंख्याखाली असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पंखा धरून, मनगटाला दात उपटतानाचा तो खास हलकासा पीळ देऊन ओढला. पंखा निघाला. त्याच्या बुडाला चिकटून एक चपटी चौकोनी चकतीही निघाली.

"अरेच्चा! ही आपोआपच आली," डॉक्टर दचकून म्हणाले. "सैल झाली असणार." आणि सवयीने त्यांनी चकती सोडवून कापसात गुंडाळली आणि तिच्या रिकाम्या जागेत कापसाचा एक बोळा दाबून बसवला.

मग डॉक्टरांनी तो लहानसा आरसा काढला, ज्याच्या नुसत्या दर्शनाने इमारतीतल्या मोठमोठ्या माणसांची बोबडी वळत असे, आणि तो पेटीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवला. एका जागी आरसा थांबला. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला.

"तपासनीस, मन घट्ट करा. ही खाच बघा. लांबलचक आहे, आणि रिकामी. इथे काहीतरी होतं. उपटलंय."

तपासनीस वाकले. खरंच, एक लांब काळी खाच, आत पितळी दाते, आणि त्यात काहीही नाही. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कागदावर माल आहे, जागेवर माल नाही! इतकी वर्षं ज्या प्रकाराचा त्यांनी लोकांच्या कचेऱ्यांत पाठलाग केला, तो प्रकार त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत उघडा पडला होता.

"अपहार!" ते ओरडले. "दुकानदाराने कार्ड काढून घेतलं आणि नाव तेवढं आत ठेवलं!"

हा शब्द जिन्यातून खाली जायला कितीसा वेळ लागणार? इमारतीच्या चिटणीसबाई लगेच हजर झाल्या. या बाई हाडाच्या चिटणीस. घराला आग लागली तरी त्या आधी अर्ज मागतील, अशी त्यांची ख्याती होती.

"चोरी इमारतीत झाली की दुकानात?" त्यांनी दारातूनच विचारलं. "इमारतीत झाली असेल तर आधी कमिटीला अर्ज द्यावा लागेल. दुकानात झाली असेल तर कमिटीचा काही संबंध नाही."

"दुकानात."

"मग संबंध नसल्याबद्दल अर्ज द्या. कुठलं दुकान?"

तपासनीसांनी दुकान सांगितलं, आणि बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचाही कॉम्प्युटर त्याच दुकानातला होता. त्या एक शब्द न बोलता खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून किंकाळी आली. त्यांनी भाजी चिरायच्या सुरीने कॉम्प्युटर उघडला होता, आणि आत तशीच लांब, काळी, रिकामी खाच होती.

"माझंही उपटलंय!" त्या धापा टाकत वर आल्या. अर्ज त्या विसरल्या होत्या, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं.

आता शंकेला जागाच उरली नाही. ही एकट्यादुकट्याची चोरी नव्हती, मोठं कारस्थान होतं. या गडबडीत लेकीचा फोन आला तो बायकोने घेतला.

"कळलं का गं आई?"

"बाबा उघडून बघतायत."

"उघडून?" पलीकडे लेक इतकी हादरली की तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आई, काय उघडून? त्यांच्याकडे दे फोन!"

तपासनीसांनी हातानेच नकार दिला. तपास चालू असताना माहिती बाहेर द्यायची नाही, हा नियम होता. आणि खरं तर त्यांना भीती वाटत होती. कार्ड नाही म्हटलं तर लेक दूरचं तिकीट काढेल, हे त्यांना कळत होतं. कार्ड परत मिळवलंच पाहिजे, आजच्या आज.

तपासनीस, डॉक्टर आणि चिटणीसबाई पोलीसचौकीत गेले. फौजदार टेबलावर पाय ठेवून कान कोरत होते. तपासनीसांनी खुर्ची ओढली, टेबलाची एक पट्टी निघालीय हे मनात टिपून ठेवलं आणि चोरीची तक्रार द्यायची आहे म्हणून सांगितलं.

"वस्तू कशी होती? वर्णन सांगा," फौजदार म्हणाले.

"ते सांगता येणार नाही. मी ती पाहिलेली नाही."

"रंग?"

"कल्पना नाही."

"शेवटची कधी पाहिली होती?"

"कधीच नाही म्हटलं ना!"

फौजदारांनी पाय खाली घेतले. "मग ती वस्तू तुमच्याकडे होती, हे कशावरून?"

"कॉम्प्युटरच म्हणाला."

"त्याला आणलंय का?"

"टेबलावर निजवलाय. आता तो काही बोलण्याच्या स्थितीत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

फौजदारांनी आयुष्यात खूप पाहिलं असणार, पण ते तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "बाई, तुमची वस्तू तरी कशी होती?"

"यांच्यासारखीच," चिटणीसबाई ठामपणे म्हणाल्या.

शेवटी फौजदारांनी दुकानदारालाच बोलावून घेतलं. दुकानदार आला तो अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन. पोलिसांचा निरोप आल्यावर त्याने दाढी तशीच अर्धवट टाकली होती. पण गडी घाबरणाऱ्यातला नव्हता. आरोप ऐकताच तो असा भडकला की फेसाचे शिंतोडे चिटणीसबाईंच्या पदरावर उडाले.

"चोरी? माझ्या दुकानावर चोरीचा आळ? अख्ख्या बाजारात माझ्याइतका सच्चा माणूस दाखवा! ती खाच सगळ्यांतच असते हो! पुढेमागे कुणाला कार्ड बसवायचं झालं तर असावी म्हणून. तुमच्या घराला माळा आहे, म्हणून काय तिथे हत्ती बांधलेला होता?"

"मग कॉम्प्युटर ते नाव सांगतो ते कशाचं?" तपासनीसांनी शेवटचं अस्त्र काढलं.

"ते मुख्य चिपच्या पोटातलंच. पत्रं टाइप करा, फोटो बघा, तेवढ्यापुरतं. वेगळं कार्ड नाहीच त्यात. चिप बघा ना काढून! पंख्याखाली असते. चौकोनी. एवढीशी."

तपासनीसांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे पाहत होते. मग त्यांनी घसा खाकरला, सदऱ्याच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि कापसाची पुडी काढून टेबलावर ठेवली. फौजदारांनी पेन्सिलीच्या टोकाने कापूस बाजूला केला. आत चौकोनी चकती होती.

उरलेला फेस दुकानदाराच्या गालावरच वाळला.

"म्हणजे," फौजदार सावकाश म्हणाले, "चोरीला गेलेला माल तक्रार द्यायला स्वतः चालत आला?"

मग फौजदार जे बोलले ते सगळं इथे देण्यात अर्थ नाही. सुशिक्षित, वयस्कर, जबाबदार हे शब्द त्यात अनेकदा आले आणि प्रत्येक वेळी ते शिवीसारखेच लागले. लोकांच्या कचेऱ्यांत ज्यांच्या नुसत्या येण्याने मोठमोठे साहेब उठून उभे राहत, ते तपासनीस शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे होते. त्यात आणखी एक अडचण निघाली. तक्रार मागे घ्यायची तर वस्तू 'सापडली' किंवा 'सापडली नाही' यांतलं एक लिहावं लागे. वस्तू मुळात नव्हतीच, असं लिहायची सोय नव्हती. चिटणीसबाईंनी त्यासाठी वेगळा अर्ज सुचवला, तेव्हा फौजदारांनी तिघांनाही बाहेर काढलं.

बाहेर पडताना तपासनीसांनी दुकानदाराची बाही धरली. "एक सांगा," ते पडेल आवाजात म्हणाले. "इमारतींची चित्रं काढायची असतात ना, मोठी, न बांधलेल्या इमारतींची. ते काम यावर होईल का हो?"

दुकानदार त्या दिवसात पहिल्यांदाच हसला. "यावर? एक खिडकी काढेपर्यंत तुमचा कॉम्प्युटर धापा टाकेल."

तपासनीस घरी कसे आले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. झालेली शोभा त्यांना बोचत होती, पण तेवढी नाही. चौकीतला अपमान, बाजारात होणारं हसं, चिटणीसबाईंचा मोडलेला कॉम्प्युटर, हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण लेक येणार नव्हती, आणि ते त्यांना सोसवत नव्हतं. दिवसभर ते कार्डामागे धावत होते असं सगळ्यांना वाटलं, त्यांना स्वतःलाही वाटलं. पण कार्ड गेलं खड्ड्यात, त्यांना लेक घरात हवी होती. सकाळी बाथरूममध्ये कोण किती वेळ लावतं यावरून भांडणारी, टॉवेल खुर्चीवर टाकणारी, हिंडतीफिरती लेक. एवढी साधी गोष्ट आपल्याला इतकी हवी आहे, याचाच त्यांना त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसला होता.

घरी लेकीची खोली लखलखत होती. बायकोने खिडक्या पुसल्या होत्या, पडदे बदलले होते, पलंगावर धुतलेली चादर ताणून बसवली होती. तपासनीसांच्या फायली बाल्कनीत उन्हं खात पडल्या होत्या.

"मिळालं का?" बायकोने विचारलं.

तपासनीसांनी तोंड उघडलं, पलंगाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! अहो, काय चाललंय काय दिवसभर? जाऊ दे. कार्डाचं कळलं का?"

तपासनीस टेबलापाशी उभे होते. समोर चिठ्ठ्या बांधलेला कॉम्प्युटर सुटा सुटा पसरला होता.

"कळलं," ते म्हणाले. "आहे. एकदम उत्तम कार्ड आहे."

बायको चमकून बघायला लागली. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या तिने इतक्या लाल झालेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"स्वतः पाहिलंत?"

"डोळ्यांनी पाहिलं. हाताने चाचपलं."

"नाव काय? नंबर?"

तपासनीसांनी जवळची जड लोखंडी पेटी उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि तिच्यावर छापलेली अक्षरं आणि आकडे घडाघडा वाचून दाखवले. शेवटी व्होल्ट आणि वॅट आले तेही वाचले.

पलीकडे लेकीने सुस्कारा टाकला.

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वाचताय तो विजेचा डबा आहे. त्यातून कॉम्प्युटरला नुसता करंट मिळतो."

"असं होय," तपासनीस म्हणाले.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात?" तिला इतका धक्का बसला होता की तिचा आवाजच चिरकला. "तुम्ही? माझ्या शाळेच्या रजेच्या चिठ्ठीत 'हिचं पोट दुखत नव्हतं, गणिताची परीक्षा होती' असं लिहून देणारे तुम्ही?"

तपासनीसांनी खुर्ची चाचपली आणि तिच्यावर बसले. खुर्चीवर 'पट्टी, हिरवी, काम अज्ञात' होती, ती मोडल्याचा आवाज झाला. ते उठले नाहीत.

"बोललो," ते म्हणाले. "कार्ड नाही. नव्हतंच कधी. आणि आता तर कॉम्प्युटरही नाही. पण तू लांब जाऊ नकोस. मला नाही आवडणार. मला आत्ताही आवडत नाही. कार्डाबिर्डाचं आपण बघू काहीतरी, विकत आणू, कुणाचं मागून आणू, पण तू घरी ये."

हे सगळं ते एका दमात बोलले. बायकोने पदर तोंडाला लावला. तीही जागच्या जागी खिळली होती, कारण एवढं लांब वाक्य नवऱ्याने घरात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि त्यात माल हा शब्द एकदाही आला नव्हता.

पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. मग तो हसण्यासारखा झाला. मग दोन्ही मिसळले.

"अहो बाबा, कॉम्प्युटर ऑफिसच देतंय. घरी न्यायला. कार्डासकट."

"काय?"

"मला कार्डाचं काही नकोच होतं. एवढी मोठी झालेली मुलगी कायमची घरी येऊन राहिली तर तुम्हाला चालेल का, ते कळत नव्हतं. तुम्ही कधी राहा म्हणत नाही. चेन ठीक आहे म्हणता. सरळ विचारायचा धीर होईना, म्हणून कार्डाचं विचारलं. वाटलं, यावरून तुम्ही काहीतरी म्हणाल."

जागेवर नसलेलं कपाट तपासनीसांनी ओळखलं होतं, नुसत्या कागदावरच्या खुर्च्या त्यांनी पकडल्या होत्या. आणि लेकीच्या तोंडचा साधा प्रश्न त्यांनी दिवसभर पेटीत शोधला होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"अगं मग ये की!" ते एवढ्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. "उद्याच ये! आजच नीघ! ऐकतेस का? ये!"

"येते बाबा. अहो, कान फुटला माझा. येते."

बायकोने फोन हिसकावून घेतला आणि लेकीला काय काय आणू नकोस ते सांगायला सुरुवात केली. दार धाडकन उघडलं. डॉक्टर आत घुसले, कपाळावर दिवा तसाच, हातात कापसाची पुडी. मागे घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या चिटणीसबाई.

"काय झालं? कोण ओरडलं?" डॉक्टरांनी तपासनीसांचा ओला चेहरा पाहिला आणि ते हादरलेच. "अहो, काय सांगितलंत मुलीला? कार्डाचं काय केलंत शेवटी?"

तपासनीसांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या पसाऱ्याकडे पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांनी आणून ठेवला असावा.

"कसलं कार्ड?" त्यांनी विचारलं.